त्रिस्ताव कुन्हा यांचा वारसा



घरी लग्न निघाले की आपण मुहूर्त ठरवितो, पत्रिकेत वडीलधाऱ्यांची नावे कोणत्या क्रमाने घालावयाची यावर थोडा वाद घालतो आणि मजकूर छापखान्यात देतो. ह्यात सरकारचा काय संबंध, असे बोरगावच्या कोणाही गृहस्थास वाटेल. परंतु आपल्या सीमाभागातून सह्याद्रीचे घाट उतरले की लागणाऱ्या गोमंतकात, पोर्तुगीज अमदानीत, लग्नपत्रिकासुद्धा सरकारी तपासनिसाच्या नजरेखालून जावी लागे. ही राजवट होती पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची. तिच्याशी झुंजलेले त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांचे आज स्मरण करू.

कुन्हा यांचा जन्म २ एप्रिल १८९१ रोजी झाला. ते गोव्यातील चांदर गावचे. पाँडिचेरी व पॅरिस येथे शिकून ते विद्युत अभियंता झाले. मायदेशी परतल्यावर १९२८ मध्ये त्यांनी गोवा काँग्रेस समिती स्थापन केली. परकी सत्ता माणसास स्वतःच्या भाषेपासून व समाजापासून कशी तोडते, याची कठोर चिकित्सा त्यांनी १९४४ च्या आपल्या पुस्तिकेत केली.

१८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावी सभाबंदी मोडली. पुढच्याच महिन्यात कुन्हा यांना अटक झाली. आग्वादच्या किल्ल्यात कोंडून त्यांना लष्करी न्यायालयापुढे उभे करण्यात आले. आठ वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात झाली. त्याच वर्षी आपल्या बेळगाव जिल्ह्यातील लोंढे येथे गोमंतकीय कार्यकर्ते जमले आणि नॅशनल काँग्रेस गोवा ही संघटना उभी राहिली.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. पेनिशच्या त्याच किल्ल्यात सालाझारने स्वतःच्या देशबांधवांनाही डांबले होते. पोर्तुगाल कोणाचा गुलाम नव्हता, तरी तेथील नागरिकाच्या तोंडाला कुलूप होते. म्हणजे परकी सत्ता जाणे आणि लोकशाही येणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. कुन्हा यांचा लढा ह्या दोहोंसाठी होता. पोर्तुगीज जनता हा त्यांचा शत्रू नव्हता. माणसाला मुका करणारी सत्ता हा त्यांचा शत्रू होता.

तुरुंगातून सुटल्यावरही त्यांना देश सोडण्याची मोकळीक नव्हती. १९५३ मध्ये ते निसटून पॅरिसला गेले आणि तेथून मुंबईस आले. २६ सप्टेंबर १९५८ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले. १९ डिसेंबर १९६१ चा मुक्तिदिन त्यांना दिसला नाही. डिसेंबर १९६३ मध्ये गोमंतकीयांनी विधानसभेसाठी केलेले मतदानही दिसले नाही. खुद्द पोर्तुगालमधील हुकूमशाही २५ एप्रिल १९७४ रोजी कोसळली. पेनिशच्या किल्ल्यात आज प्रतिकार व स्वातंत्र्य यांचे संग्रहालय आहे.

अशा माणसाचा वारसा पुतळ्यात सामावत नाही. गावच्या सभेत उभे राहून न पटलेली गोष्ट निर्भयपणे सांगणे आणि आपल्याला न पटणारे दुसऱ्याचे बोलणे शांतपणे ऐकणे, एवढे ज्यास साधले त्याच्या हाती तो वारसा आला. पहिली गोष्ट कठीण खरी. दुसरी मात्र तिच्याहून कठीण आहे.