न दिसणारा थकवा

एमआरआय येण्याआधी मल्टिपल स्क्लेरोसिस ओळखायची एक विचित्र चाचणी होती. रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवायचं. अंग तापल्यावर नजर धूसर झाली, हातपाय जड पडले, की डॉक्टरांचा संशय बळावायचा. श्रमानंतर नजर मंदावते हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथोफ यांनी 1890मध्येच नोंदवलं होतं. त्यामागे वाढलेलं तापमान असतं, हे पुढे कळलं. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरचं आवरण कुरतडते. अशा तंतूंतून जाणारा संदेश उष्णतेत आणखी अडखळतो.

नवी मुंबईतल्या रुग्णाला त्यासाठी टब लागत नाही. ऑक्टोबरमधली दुपार पुरते.

हा थंड देशांतला, गोऱ्यांचा आजार, असा समज आपल्याकडे बरीच वर्षं होता. पण 1985 साली मुंबईत रहमत फझलभॉय यांनी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. त्यांना स्वतःलाच हा आजार होता. पुढे 1990मध्ये मुंबईचे न्यूरॉलॉजिस्ट डॉ. नोशीर वाडिया यांनी सहकाऱ्यासह पारशी समाजातल्या रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजार इथेही होता, फक्त मोजला गेला नव्हता.

मोजायचं काय, हा प्रश्न मात्र उरलाच. जॉन कर्ट्झकी यांची 1983ची शून्य ते दहा ही मोजपट्टी आजही वापरतात. तिचा वरचा अर्धा भाग मुख्यतः चालण्यावर बेतलेला आहे. थकवा, विस्मरण, नैराश्य यांना तिथे फारशी जागा नाही. 1995मध्ये 54 प्रश्नांची एक प्रश्नावली आली. ती रुग्णालाच विचारते: दिवस कसा जातो?

कायद्याचंही तसंच झालं. 1995च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, हा आजार नव्हता. 2016च्या कायद्यात 21 प्रकार झाले आणि मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आलं. पण आरक्षणासारख्या सवलतींसाठी किमान 40 टक्के अपंगत्व लागतं. बऱ्याच रुग्णांत हा आजार उसळतो आणि ओसरतो. तपासणीच्या दिवशी धडधाकट चालणारी तरुणी आठवड्याने अंथरुणाला खिळू शकते. मग टक्का कुठल्या दिवसाचा धरायचा?

वाशीहून पनवेल लोकलच्या दिव्यांग डब्यात ती चढते, तेव्हा तिच्या हातात काठी नसते. लोक आधी तिच्या पायांकडे बघतात. कर्ट्झकींची मोजपट्टीही तेच करते.