नरहिरे, कल्पना रमेश

शिवसेनेच्या नेत्या, कळंब (जि. धाराशिव, पूर्वीचा उस्मानाबाद) मतदारसंघाच्या माजी आमदार आणि उस्मानाबाद मतदारसंघातून 14व्या लोकसभेवर (2004–2009) निवडून गेलेल्या खासदार. 1952 पासून 2024 पर्यंतच्या सार्वत्रिक निवडणुकांत या मतदारसंघाने लोकसभेवर पाठवलेल्या त्या एकमेव महिला आहेत.

विधानसभा. कळंबची विधानसभेची जागा त्या काळी अनुसूचित जातींसाठी राखीव होती. तेथून नरहिरे 1995 मध्ये पहिल्यांदा आमदार झाल्या. त्याच निवडणुकीनंतर राज्यात शिवसेना–भाजप युतीचे पहिले सरकार आले. 1999 मध्ये युतीची सत्ता गेली, कळंबची जागा मात्र त्यांनी राखली. पहिल्या कार्यकाळात सत्ताधारी आणि दुसऱ्यात विरोधी, अशा दोन्ही बाकांवरचा अनुभव त्यांना लोकसभेत जाण्यापूर्वीच मिळाला.

लोकसभा. उस्मानाबाद लोकसभा मतदारसंघावर दीर्घकाळ काँग्रेसची पकड होती. 1984, 1989 आणि 1991 अशा सलग तीन निवडणुका अरविंद कांबळे यांनी जिंकल्या. 1996 मध्ये शिवसेनेच्या शिवाजी कांबळे यांनी ही साखळी तोडली. 1998 मध्ये अरविंद कांबळे पुन्हा निवडून आले आणि 1999 मध्ये शिवाजी कांबळे. अशा अटीतटीच्या मतदारसंघात 2004 साली नरहिरे यांची लढत राष्ट्रवादी काँग्रेसचे लक्ष्मण ढोबळे यांच्याशी झाली. दोन हजारांहूनही कमी मतांच्या फरकाने त्या विजयी झाल्या. केंद्रात त्या वर्षी सत्तांतर होऊन संयुक्त पुरोगामी आघाडीचे सरकार आले, त्यामुळे खासदारकीची पाचही वर्षे त्या विरोधी बाकांवर होत्या.

शिवसेनेचे त्या लोकसभेत 12 सदस्य निवडून आले. त्यांत महिला दोनच होत्या : वाशिमच्या भावना गवळी आणि नरहिरे.

मराठवाड्यातील महिला खासदार. मराठवाड्यातून लोकसभेवर महिला पाठवण्याची सुरुवात बीडने केली. काँग्रेसच्या केशरकाकू क्षीरसागर 1980, 1984 आणि 1991 मध्ये तेथून निवडून आल्या. 1996 मध्ये भाजपच्या रजनी पाटील जिंकल्या. 2004 हे वर्ष याबाबतीत वेगळे ठरले. लातुरात भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकर यांनी शिवराज पाटील चाकूरकर यांचा पराभव केला, हिंगोलीत राष्ट्रवादीच्या सूर्यकांता पाटील विजयी झाल्या आणि उस्मानाबादेत नरहिरे. मराठवाड्याच्या आठ जागांपैकी तीन महिलांकडे गेल्या. त्या सार्वत्रिक निवडणुकीत राज्याच्या 48 जागांवर एकूण पाच महिला निवडून आल्या होत्या; पैकी तिघी मराठवाड्याच्या. या तिघींपैकी राखीव जागेवरून आलेल्या नरहिरे एकट्याच.

मतदारसंघांची पुनर्रचना. नरहिरे यांची कारकीर्द राखीव मतदारसंघांत घडली आणि त्या मतदारसंघांच्या सीमा बदलताच तिचा पायाही हलला. लातूर आणि उस्मानाबाद या शेजारच्या लोकसभा मतदारसंघांत आरक्षण आलटून पालटून आले आहे. आधी राखीव असलेले लातूर 1977 पासून खुले झाले आणि उस्मानाबाद राखीव. 2008 च्या पुनर्रचनेने हे पुन्हा उलटले. त्याच पुनर्रचनेत कळंब हा विधानसभा मतदारसंघच संपला. कळंब तालुका उस्मानाबाद विधानसभा मतदारसंघाला जोडला गेला, भूम, परंडा व वाशी मिळून परंडा मतदारसंघ झाला आणि जिल्ह्यातील राखीव जागा उमरग्याला गेली. ज्या दोन जागांवरून नरहिरे निवडून आल्या, त्यांतली एक खुली झाली, तर दुसरी नकाशावरून गेली.

2009 मध्ये खुल्या झालेल्या उस्मानाबादेतून राष्ट्रवादीचे पद्मसिंह पाटील खासदार झाले. त्यानंतर रवींद्र गायकवाड (2014) आणि ओमराजे निंबाळकर (2019, 2024) निवडून आले. 2024 मध्ये निंबाळकर यांच्यासमोर राष्ट्रवादीच्या अर्चना पाटील या प्रमुख उमेदवार होत्या. त्या पराभूत झाल्या.

मूल्यमापन. मराठवाड्यात लोकसभेपर्यंत पोहोचलेल्या महिलांमध्ये राजकीय घराण्यांतील नावे ठळक आहेत. नरहिरे यांची वाट पक्षसंघटना आणि राखीव मतदारसंघ यांतून गेली. लोकसभा व विधानसभांत महिलांसाठी एकतृतीयांश जागा राखणारी 106वी घटनादुरुस्ती 2023 मध्ये झाली. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांतही तिने महिलांचा एकतृतीयांश वाटा ठेवला आहे. नरहिरे यांनी लोकसभेपर्यंतचा पल्ला महिलांसाठी अशी कोणतीही तरतूद नसताना गाठला होता.