चकटफू अँटीव्हायरसची गोष्ट

फुकट अँटीव्हायरस म्हटलं की दोन नावं आधी आठवतात, आणि दोन्ही चेक. १९८८ साली प्रागमधल्या एका संशोधन संस्थेत पावेल बाउडिश या गृहस्थांना फ्लॉपीवर 'व्हिएन्ना' व्हायरस सापडला. त्यांनी तो काढणारा प्रोग्रॅम लिहिला आणि एदुआर्द कुचेरा या सहकाऱ्याबरोबर 'आल्विल' नावाची सहकारी संस्था काढली. सहकारी का, तर कम्युनिस्ट राजवटीत खासगी कंपनीची सोयच नव्हती. (आपल्याकडे साखर कारखाने, त्यांच्याकडे अँटीव्हायरस!) त्यातून अवास्ट आलं. १९९१ मध्ये ब्रनो शहरात ग्रिसॉफ्ट सुरू झाली, तिचं एव्हीजी.

२००१ साली अवास्टने घरगुती आवृत्ती फुकट केली. हिशोब सोपा होता. घरच्यांना फुकट द्यायचं, पैसे ऑफिसांकडून घ्यायचे. शिवाय जितकी जास्त मशीन्स, तितके नवे व्हायरस लवकर हाती लागणार. इथपर्यंत सगळं छान.

मग २००८ मध्ये एव्हीजी ८ आलं आणि त्यात 'लिंकस्कॅनर' नावाचं नवं प्रकरण. एव्हीजीने २००७ च्या शेवटी एक दुसरी कंपनी विकत घेतली होती, तिची ही चीज. तुम्ही गूगलवर काही शोधलंत की हे महाशय निकालातली प्रत्येक साइट तुम्ही क्लिक करायच्या आधीच उघडून तपासणार! बरं, दुष्ट साइटला आपण कोण ते कळू नये म्हणून वेष इंटरनेट एक्स्प्लोररचा. म्हणजे तुम्ही एक दुकान बघणार, पण तुमच्या नावाने गल्लीतल्या दहाही दुकानांत कोणीतरी डोकावून येणार. साइटवाल्यांच्या लॉगमध्ये खोट्या पाहुण्यांची रांग लागली, बँडविड्थचं बिल वेगळंच. बोंबाबोंब झाल्यावर जुलै २००८ मध्ये एव्हीजीने ही आगाऊ तपासणी बंद केली. मला विचाराल तर कल्पना अगदीच टाकाऊ नव्हती. पण एका पीसीवर शहाणपणाची वाटणारी गोष्ट लाखो पीसींवर केली की काय होतं, हे कोणी मोजलंच नसावं.

२००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिक्युरिटी इसेन्शियल्स फुकट आणलं, आणि २०१२ च्या विंडोज ८ मध्ये तर अँटीव्हायरस आतच बसवून दिला. झालं! आता फुकट्यांनी वेगळं काय दाखवायचं? मग टूलबार आले. २०११ मध्ये अविराने वेब-संरक्षण फुकट दिलं, पण 'आस्क'चा टूलबार बसवायच्या अटीवर. २०१५ च्या डिसेंबरात गूगलच्या टॅव्हिस ऑर्मंडीने दाखवून दिलं, की क्रोममधलं एव्हीजीचं एक्स्टेन्शनच सुमारे ९० लाख लोकांची ब्राउझिंग हिस्टरी उघडी पाडतंय. राखणदारानेच दार उघडं टाकलं म्हणायचं.

पण कळस अवास्टचा. २०१३ मध्ये त्यांनी 'जम्पशॉट' घेतली. ही मुळात पीसी साफ करणारी कंपनी. तिची झाली डेटा विकणारी कंपनी! अँटीव्हायरस आणि एक्स्टेन्शन्समधून लोक कुठे कुठे फिरतात ते गोळा करायचं आणि विकायचं. नावं काढून टाकली आहेत, असा दावा. पण कोणत्या सेकंदाला कोणती लिंक उघडली एवढं हाती असेल, तर एखाद्या दुकानाला आपल्या खरेदीच्या नोंदीशी ताडून माणूस ओळखायला कितीसा वेळ लागणार? जानेवारी २०२० मध्ये पत्रकारांनी हे बाहेर काढलं आणि काही दिवसांतच जम्पशॉटला टाळं लागलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. डेटा शंभरहून जास्त कंपन्यांना विकला गेला होता, असं त्यांनी नोंदवलंय.

दरम्यान २०१६ मध्ये अवास्टने एव्हीजी गिळलं होतंच, सुमारे १३० कोटी डॉलरला. २०२२ मध्ये खुद्द अवास्ट नॉर्टनच्या कंपनीत विलीन झालं, जिने अविरा आधीच घेतलं होतं. नवं नाव जेन डिजिटल. म्हणजे आता अवास्टला कंटाळून एव्हीजी टाकलंत, आणि एव्हीजीला कंटाळून अविरा, तरी मालक तोच.