पदकाची कड

सध्या पोस्टिंग दिल्लीला आणि बिऱ्हाड द्वारकेत. सेक्टर, सोसायट्या, मेट्रो बघून वाटतं, इथलं सगळं कालपरवाचंच. पण हे उपनगर जुन्या गावांच्या शेतांवर वसलंय. आधी याला पप्पनकलां म्हणत. सेक्टर 12 मधली लोहारहेडीची बावडी लोदी काळातली. पालम, बागडोला, पोचनपूर ही गावं अजून सोसायट्यांच्या मध्ये नांदतायत.

अशाच एका गावातले एक ताऊ आमच्या ओळखीचे. इंग्रजांच्या वेळचं त्यांचं घर कधीच पडलं. त्या जागेवर नातवाने काही वर्षांपूर्वी ऑनलाइन मागवलेला मेटल डिटेक्टर फिरवला आणि जे सापडलं ते एका डब्यात टाकलं. मी सॅपर, सुरुंग शोधायला शिकलेला. म्हणून डबा माझ्यापुढे आला.

आधी एकच सांगितलं, चिंच लावून घासू नका. घासलं की अक्षरं जातात. मऊ ब्रशने माती काढली आणि वस्तू कागदावर मांडल्या.

नाणी सोपी. 'व्हिक्टोरिया क्वीन' असेल तर 1840 नंतरचं, 'एम्प्रेस' असेल तर 1877 नंतरचं. मधे भोक असलेला पैसा 1943 ते 1947 मधला, युद्धात धातू वाचवायला काढलेला. पण नाणं पाडल्यावर पन्नास वर्षंही फिरतं, त्यामुळे त्यावरून घराचं वय ठरत नाही. मग निघाली पॉइंट 303 ची रिकामी पुंगळी. बुडावर के आणि एफ, म्हणजे आमच्या खडकीचा दारूगोळा कारखाना! बॉम्बे सॅपर्सचं सेंटर तिथेच, मी घडलो तिथेच. (पुंगळी रिकामी नसेल तर हात लावू नका, पोलिसांना कळवा.)

ताऊंची नजर मात्र एका काळपट चकतीवर होती. त्यांचे आजोबा पहिल्या महायुद्धात सिपाही होते, त्यांना चांदीचं पदक मिळालं होतं, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेले. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला गरुडाची ढाल तुडवणारा घोडेस्वार, 1914 आणि 1918. ब्रिटिश वॉर मेडल, शंका नाही. पण चांदी नव्हती, कांसं होतं.

सैनिकांना हे पदक चांदीचं मिळे. कांशाचं मिळे ते लेबर कोअरसारख्या मजूर दलांतल्या लोकांना. 1917 मध्ये हिंदुस्थानातून अशा कंपन्या फ्रान्सला गेल्या, मेसोपोटेमियातही गेल्या. पदकाच्या कडेवर नंबर, नाव आणि दल ठोकलेलं असतं. भिंग लावून वाचलं. नाव आजोबांचंच. पुढे सिपाही नव्हतं, लेबर होतं.

सांगावं की नाही? क्षणभर वाटलं, म्हाताऱ्याचा अभिमान कशाला मोडा. पण कडेवरचं खोटं वाचणं मला जमलं नसतं.

सांगितलं. ताऊ गप्प. मग म्हणाले, "मतलब लड़े नहीं?"

म्हटलं, "ताऊजी, रस्ते बांधले, माल उतरवला, त्यावर फौज लढली. आम्ही सॅपरही निम्मं आयुष्य फावड्यावरच काढतो."

त्यांनी चकती हातात घेतली, कडेवरून अंगठा फिरवला आणि नाव पुन्हा वाचायला सांगितलं. तीनदा वाचलं.

नातवाला किंमत हवी होती. त्याला 1972 चा पुरावस्तू कायदा सांगितला. शंभर वर्षांपुढची वस्तू परवान्याशिवाय विकण्याचा धंदा करता येत नाही, परदेशी पाठवता येत नाही. 1878 चा कायदा तर म्हणतो, जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं सापडलं तर कलेक्टरला कळवा. मग मी विचारलं, "हे पदक नेमकं कुठे मिळालं? उंबऱ्याशी, चुलीपाशी, की गोठ्यात?" त्याला आठवेना. आजोबांनी ते जपून पुरलं होतं, की हरवलं होतं, की रागाने फेकलं होतं, हे त्या जागेवरून थोडं तरी कळलं असतं. ते आता गेलं.

तुमच्या गावच्या घरात असा डबा असेल तर दोन गोष्टी करा. वस्तू कुठे मिळाली ते आजच चिठ्ठीवर लिहून ठेवा. आणि पदक असेल तर आधी कड वाचा.