नांगराचा ट्रॅक्टर, गवताचं काम

यंत्रांचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा शोध कुणी लावला आणि कारखाना कधी निघाला, इथेच थांबतो. आज आपण थोडं पुढे जाऊ. विकलं गेल्यावर एखादं यंत्र सत्तर वर्षं चालतं, ते कशामुळे? त्यासाठी आपण अमेरिकेतला फोर्ड ८एन हा ट्रॅक्टर घेऊ.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. अवजार ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडायचं आणि हायड्रॉलिकने उचलायचं, ही पद्धत हॅरी फर्ग्युसन यांची. १९३८ मध्ये त्यांचा आणि हेन्री फोर्ड यांचा करार झाला, तोही नुसत्या हस्तांदोलनावर. १९३९ मध्ये ९एन बाजारात आला, किंमत ५८५ डॉलर. युद्धात तांबं आणि रबर मिळेना, म्हणून त्यानंतरच्या २एनमधले काही ट्रॅक्टर लोखंडी चाकांवर आणि बॅटरीशिवाय निघाले. युद्धानंतर करार मोडला. १९४७ मध्ये फोर्ड कंपनीने स्वतःचा ८एन काढला, फर्ग्युसन कोर्टात गेले आणि १९५२ मध्ये ९२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. तोवर ८एन पाच लाखांच्या वर विकले गेले होते.

कोर्टातलं भांडण मिटलं, पण ट्रॅक्टर काही संपले नाहीत. मोठ्या शेतांवर मोठे ट्रॅक्टर आले आणि नांगरासाठी बनवलेला हा छोटा ट्रॅक्टर कुरणातलं, बागेतलं गवत कापायला लागला. मागे फिरत्या पात्यांचं कापणी यंत्र लावायचं आणि ते पीटीओच्या दांड्यावर चालवायचं. खरी अडचण इथे सुरू होते.

८एनमध्ये पीटीओला शक्ती मिळते ती क्लचच्या मागून, गिअरबॉक्समधून. आपण क्लच दाबला की इंजिन सुटतं, पण पीटीओ आणि मागची चाकं एकमेकांना जोडलेलीच राहतात. जड पाती वेगात फिरतच असतात. त्यांचा जोर दांड्यातून उलटा गिअरबॉक्समध्ये येतो आणि ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. चालवणाऱ्याला वाटतं, क्लच दाबला म्हणजे थांबलो. समोर कुंपण असेल, नाला असेल, तर ही चूक जिवावर बेतते.

जुन्या कात्रीसारख्या पात्याच्या यंत्रात एवढा जोर साठत नसे, त्यामुळे मूळ रचनेत या धोक्याचा विचार झाला नसावा, असं आम्हाला वाटतं. उपाय मात्र साधा आहे. सायकलचं फ्रीव्हील आपल्याला माहीत आहे: पेडल थांबलं तरी चाक फिरत राहतं. तसाच एक तुकडा पीटीओच्या दांड्यावर बसवायचा. मग पाती मोकळी फिरतात, ट्रॅक्टर थांबतो. ८एनचा दांडा १ १/८ इंचाचा, नंतरचं प्रमाण १ ३/८ इंचाचं. म्हणून हा तुकडा दोन्ही मापं जुळवणारा मिळतो.

बाकीची देखभालही अशीच, रचना समजून करायची. गिअरबॉक्स, हायड्रॉलिक आणि मागचा ॲक्सल यांचं तेल एकच. गिअरच्या दांड्याचं रबर फाटलं की पावसाचं पाणी आत जातं, तेल दुधासारखं पांढरं होतं आणि तिन्ही भाग एकदमच झिजू लागतात. बॅटरी ६ व्होल्टची, आणि तिचं धन टोक बॉडीला. सवयीने ऋण टोक जोडलं की घोटाळा. हायड्रॉलिकचा पंप पीटीओच्याच दांड्यावर चालतो. पीटीओचा लिव्हर बंद असेल तर कापणी यंत्र उचललंच जात नाही, आणि नवखा माणूस विनाकारण पंप खोलत बसतो.

एक गोष्ट मात्र नुसत्या देखभालीने भागत नाही. ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी चौकट ८एनला नव्हती. अमेरिकेत नव्या ट्रॅक्टरांवर ती सर्रास येऊ लागली १९८५ पासून. म्हणून उतारावर जुन्या ट्रॅक्टरने गवत कापताना, आडवं न चालवणं हाच पहिला नियम.

आपल्याकडे आज रोटाव्हेटर चालतो तो याच पीटीओवर, आणि अवजार उचलतं ते याच तीन टोकांच्या जोडणीवर. त्यामुळे ही काही परक्यांची गोष्ट नाही. यंत्र बनवणारा एका कामाचा विचार करतो, वापरणारा पुढे दुसरंच काम काढतो. मधली उणीव दुरुस्ती करणाऱ्याने भरून काढायची असते. ८एन सत्तर वर्षं चालला त्याचं श्रेय कारखान्याइतकंच त्याचंही आहे.