उशिरा येणारी वर्दी

अंगावर सूज आलेल्या रुग्णाचे मूत्र चमच्यात घ्यावे, तो चमचा मेणबत्तीच्या ज्योतीवर धरावा, आणि थोड्याच वेळात त्यात पांढरा साका धरू लागला तर त्या देहातील मूत्रपिंडे बिघडली आहेत असे समजावे, ही तपासणी लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी रूढ केली व 1827 साली आपली निरीक्षणे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. मूत्र पाहून निदान करण्याची विद्या आपल्या चरकापासून युरोपातील मध्ययुगीन वैद्यांपर्यंत सर्वत्र प्रचलित होती. परंतु ती रंग, वास आणि गढूळपणा यांवर चाले, आणि तिच्यात भोंदूगिरीला मुबलक वाव असे. ब्राइटांचे श्रेष्ठत्व हे, की चमच्यातील साक्याची सांगड त्यांनी शवविच्छेदनाच्या मेजावर दिसलेल्या रोगग्रस्त मूत्रपिंडांशी घातली.

पुढे 1886 साली क्योनिग्सबर्ग येथील माक्स याफे यांना असे आढळले, की मूत्रातील क्रिएटिनिन हे द्रव्य अल्कलीयुक्त पिक्रिक आम्लात मिसळले असता पिवळे द्रावण नारिंगी-तांबडे होते. (हेच पिक्रिक आम्ल त्या काळी तोफगोळ्यांत भरीत, एकाच पदार्थाने रणांगण आणि प्रयोगशाळा या दोहोंची चाकरी करावी, हा योग मोठा विलक्षण.) अमेरिकेतील ऑटो फोलिन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तो रंग पोटॅशियम बायक्रोमेटच्या द्रावणाशेजारी ठेवून, दोन्ही रंग डोळ्यांना एकसारखे दिसेपर्यंत द्रवस्तंभाची खोली कमीजास्त करून, क्रिएटिनिनचे मोजमाप सिद्ध केले. स्नायूंत अखंड तयार होणारे आणि मूत्रपिंडावाटे बाहेर जाणारे हे द्रव्य रक्तात साचू लागले, की गाळणीचे काम मंदावले, असा हिशेब मग सर्वमान्य झाला.

या हिशेबाची खरी कसोटी लागली ती मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणात. बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगम रुग्णालयात 23 डिसेंबर 1954 रोजी जोसेफ मरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका भावाचे मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावाच्या देहात बसविले आणि ते चालले; दोघे एकरूप जुळे असल्यामुळे देहाने परका अवयव झिडकारण्याचा प्रश्नच तेथे उद्भवला नाही. तो प्रश्न पुढे, परक्या दात्यांची मूत्रपिंडे बसवू लागताच, दत्त म्हणून उभा राहिला. आपल्याकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयात 1965 साली प्रत्यारोपणाचा प्रयत्न झाला. जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाला चिरस्थायी यश मात्र 1971 साली वेल्लोरला लाभले.

आता अडचण अशी, की क्रिएटिनिन हा कारभार कोलमडल्यावर हुजुरात वर्दी देणारा अंमलदार आहे. गाळण्याची शक्ती जवळजवळ निम्मी जाईपर्यंत त्याचा आकडा नेहमीच्या मर्यादेत राहू शकतो. ज्याने आपले एक मूत्रपिंड देऊन टाकले त्या निरोगी दात्याचाही आकडा पुष्कळदा थोडासाच वाढतो. प्रत्यारोपणात तर गोंधळ दुणावतो. मृत दात्याचे मूत्रपिंड कित्येक तास रक्तावाचून बर्फात राहिलेले असते, रक्त पुन्हा खेळू लागताच त्यातील सूक्ष्म नलिकांच्या पेशींना आणखी इजा होते. आणि ज्याच्या देहात ते बसवावयाचे त्याचा क्रिएटिनिन आधीच चढलेला, वर मध्ये डायालिसिस झाले तर तो आकडा कृत्रिमरीत्या उतरलेला. अशा आकड्यावरून पहिल्या दोन दिवसांत काय निष्कर्ष काढावा?

1980 नंतर सायक्लोस्पोरिन या औषधाने प्रत्यारोपणाला मोठाच आधार दिला खरा, परंतु त्याने हा पेच अधिकच बिकट केला. देहाचा विरोध दडपणारे हे औषध स्वतःच मूत्रपिंडाला अपायकारक. क्रिएटिनिन वाढला, तर तो विरोध बळावला म्हणून, की औषधाची मात्रा अधिक झाली म्हणून? पहिल्या स्थितीत प्रतिबंधक उपचार वाढवावयाचा, दुसरीत औषध कमी करावयाचे. दोन्ही उपाय परस्परविरुद्ध, आणि आकडा मात्र एकच. निवाडा अखेर सुईने काढलेल्या मांसखंडाच्या, म्हणजे बायॉप्सीच्या, सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीवर सोपवावा लागला.

लवकर खबर देणाऱ्या द्रव्यांचा शोध खऱ्या अर्थाने गेल्या पाव शतकातला. 2005 साली सिनसिनाटीच्या प्रसाद देवराजन यांच्या मंडळींनी हृदयशस्त्रक्रिया झालेल्या 71 बालकांच्या मूत्रात एनगॅल हे प्रथिन पाहिले: ज्यांच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती त्यांच्यात ते दोन तासांत उसळले, तर क्रिएटिनिनने एक ते तीन दिवस घेतले. हेच प्रथिन मग नव्याने बसविलेल्या मूत्रपिंडाच्या पहिल्या मूत्रातही शोधण्यात आले. न्यूयॉर्कच्या मणिक्कम सुथंतिरन यांच्या प्रयोगशाळेने निराळी वाट धरली. मूत्रात उतरलेल्या पेशींतील जनुकीय संदेश वाचून त्यांनी 2013 साली 485 रुग्णांच्या अभ्यासात दाखविले, की बायॉप्सीत विरोध सिद्ध होण्याच्या आधीच्या सुमारे 20 दिवसांत तो संदेश चढत जातो.

माझ्या मते या दोन संशोधनांत दुसरे अधिक मोलाचे आहे, कारण ते नुसती इजा सांगत नाही, इजेचे कारणही सुचविते. एनगॅलला ते साधत नाही. ते मूळचे श्वेतपेशींत सापडलेले प्रथिन असल्यामुळे मूत्रमार्गाच्या संसर्गातही वाढते, आणि प्रतिकारशक्ती दडपलेल्या या रुग्णांत संसर्ग तर नित्याचाच. मात्र या दोन्ही संशोधनांनंतर वॉर्डातील सकाळच्या फेरीत आजही ‘क्रिएटिनिन किती?’ हाच प्रश्न आधी विचारला जातो, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर बायॉप्सीची तयारी करण्यास सांगितले जाते.