कमठ्याची कुळकथा

पहिल्या दिवशी मी हाताला गार्ड बांधलं नाही. चेन्नईतला मे महिना, सकाळचे सातच वाजलेले, तरी कोपरापर्यंत घामाच्या धारा. त्यात ते पट्टे कोण आवळत बसणार? शिकवणारा मुलगा जेमतेम विशीतला. "अक्का, गार्ड," असं दोनदा म्हणाला, तिसऱ्यांदा म्हणाला नाही. मी दोरी हनुवटीपर्यंत ओढली, सोडली, आणि ती डाव्या हाताच्या आतल्या बाजूला अशी सणकन बसली, की बाण कुठे गेला ते बघायचंच राहिलं. धनुष्य धरलेल्या हाताचं कोपर बाहेर वळवायचं असतं, हे त्याने नंतर सांगितलं. वांग्याच्या रंगाचा तो वळ आठ दिवस मिरवला.

संस्कृतात या गार्डला 'गोधा' म्हणतात. गोधा म्हणजे घोरपड, आणि गोधा म्हणजेच दोरीच्या माराला आड येणारं डाव्या हातावरचं चामड्याचं आवरण. दुसऱ्या हाताच्या बोटांना 'अंगुलित्र'. महाभारतातले धनुर्धर ही दोन्ही बांधून रणात उतरतात. आजच्या खेळाडूच्या पिशवीतही हीच जोडी निघते, नावं तेवढी आर्मगार्ड आणि फिंगर टॅब.

टॅब तीन बोटांसाठी असतो. बाणाच्या वर तर्जनी, खाली मधलं बोट आणि अनामिका. अंगठा तळव्यात मुडपलेला. तुर्कांची आणि मोगलांची रीत वेगळी होती. ते अंगठ्यात कडं घालून अंगठ्यानेच दोरी ओढत. एकलव्याचा अंगठा गेल्यावर काय झालं, हे आपण गोष्ट सांगताना गाळतो. महाभारत ते सांगतं: तो बोटांनी दोरी ओढू लागला, फक्त पूर्वीचा वेग राहिला नाही. आज ऑलिम्पिकच्या रेषेवर उभे असलेले सगळे बोटांनीच ओढतात. द्रोणांनी मागितलेल्या अंगठ्याला तिथे काही काम नाही.

आता खेळाच्या नावाकडे येऊ. तिरंदाजी हा शब्द दरबारातला. फारसीत 'तीर' म्हणजे बाण, 'अंदाज' म्हणजे फेकणारा. तोफेचा गोळा फेकणारा तो गोलंदाज, ज्याला आपण पुढे क्रिकेटच्या मैदानावर आणून बसवलं. कमानही तिकडचीच. धनुष्याचं काम संपल्यावर ती दरवाजावर जाऊन बसली. बाण मात्र आपला. पण जुने मराठी कागद वाचताना जपून, कारण तिथे बाण म्हणजे कित्येकदा दारू ठासलेला, आग ओकत जाणारा अग्निबाण असतो.

या दरबारी घोळक्यात एक शब्द अंग चोरून उभा आहे: कमठा. बांबूचं साधं धनुष्य. संस्कृत कोशात 'कमठ' म्हणजे कासव आणि बांबूसुद्धा. कमठा त्या दुसऱ्या अर्थातून आला असावा, असा माझा तर्क. 'तिरकमठा' या जोडशब्दात दरबार आणि रान शेजारी बसलेत. खेळाला नाव दरबाराचं मिळालं. पण भारतातल्या या खेळाचं कूळ कमठ्याचं आहे, यावर मी ठाम आहे.

दरबारी शस्त्रांचं पुढे काय झालं ते बघायला चेन्नईतल्या एग्मोरला जावं. तिथलं सरकारी संग्रहालय 1851 चं. त्यातल्या शस्त्रांचा मोठा वाटा तंजावरच्या मराठ्यांच्या शस्त्रागारातून आलेला. व्यंकोजीराजांची ही गादी 1855 मध्ये शिवाजीराजे दुसरे पुरुष वारस न ठेवता गेले तेव्हा कंपनी सरकारने खालसा केली. शस्त्रागार मद्रासला आलं, निवडक वस्तू राहिल्या, बाकी पुष्कळसं मोडीत गेलं. दालनात डोळे खिळतात ते कट्यारींवर आणि हत्तींच्या अंकुशांवर. लोखंड टिकतं. शिंग, लाकूड आणि स्नायू सरसाने चिकटवून केलेलं उंची धनुष्य समुद्रकाठच्या हवेत कसं टिकणार? सरस दमट होतो, थर सुटतात. कोरड्या मुलखात जन्मलेली ती वस्तू. मद्रासचा पावसाळा तिच्या गणितात नव्हताच. इथे चालतो बांबू आणि ताड. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या यादीत धनुष्याचे चार प्रकार आहेत: ताडाचं, बांबूचं, लाकडाचं आणि शिंगाचं. या अर्थशास्त्राची हरवलेली पोथीही तंजावरकडच्याच एका पंडिताने म्हैसूरच्या ग्रंथालयात आणून दिली होती. तिथले ग्रंथपाल शामशास्त्री यांनी ती 1909 मध्ये छापली.

तमिळमध्ये धनुष्य म्हणजे 'विल', दोरी म्हणजे 'नाण', बाण म्हणजे 'अंबु'. चेर राजांचं चिन्हच धनुष्य. कन्याकुमारी-तिरुनेलवेलीकडे तर धनुष्य वाजवतात: भलंमोठं विल, त्याला घुंगरं, दोरीवर दोन काठ्यांचा ताल आणि सोबत गोष्ट. त्याला विल्लुपाट्टु म्हणतात. आणि चेन्नईच्या पाठीशीच, चेंगलपट्टूकडच्या इरुळ आदिवासींचं जुनं नाव विल्लियन, म्हणजे धनुष्यवाले. एग्मोरच्याच संग्रहालयाचे प्रमुख राहिलेल्या एडगर थर्स्टनने 1909 च्या आपल्या सात खंडांत त्याची नोंद केली आहे.

खेळ म्हणून तिरंदाजीचे आजचे नियम मात्र युरोपातले. 1900 मध्ये ती ऑलिम्पिकमध्ये आली, 1920 नंतर बाहेर पडली. 1931 मध्ये ल्वूव शहरात जागतिक संघटना झाली आणि 1972 ला खेळ पुन्हा आत आला. पाठोपाठ 1973 मध्ये भारतीय संघटना उभी राहिली. पण तिरंदाज आणायचे कुठून? क्रीडा प्राधिकरणाने 1987 च्या सुमारास आदिवासी भागांत शोध घेतला. उदयपूर जिल्ह्यातला लिंबाराम त्यातून पुढे आला, बांबूच्या धनुष्याने पाखरं टिपत वाढलेला. 1988 मध्ये सोलला भारताची तिरंदाजी पहिल्यांदा ऑलिम्पिकला गेली, तेव्हा तो संघात होता. 1992 मध्ये बीजिंगला त्याने 30 मीटरवर 360 पैकी 358 गुण घेऊन विश्वविक्रमाची बरोबरी केली. कमठ्याचं कूळ म्हणते ते हे. राष्ट्रीय स्पर्धांत आजही 'इंडियन राउंड' नावाचा गट आहे: धनुष्य बांबूचं किंवा लाकडाचं, अंतर 50 आणि 30 मीटर.

ऑलिम्पिकचं रिकर्व्ह धनुष्य टोकांशी उलटं वळलेलं असतं. मधली धातूची मूठ म्हणजे रायझर, तिला वर-खाली जोडलेले दोन लिम्ब, पुढे तोल सांभाळणारा लांब दांडा. मला यात सगळ्यात आवडला तो क्लिकर. पत्र्याची बारीक पट्टी, तिच्याखालून बाण मागे सरकत जातो. टोक निसटलं की 'टिक'. तेवढ्यावर सोडायचं. आधी नाही, नंतरही नाही. निशाण 70 मीटरवर, 122 सेंटिमीटर व्यासाचं. दहा गुणांचं वर्तुळ त्यात फक्त 12.2 सेंटिमीटर.

कंपाउंड धनुष्य हे अमेरिकेच्या मिसुरी राज्यातल्या हॉलिस विल्बर ॲलनचं डोकं. पेटंटचा अर्ज 1966 चा. टोकांना चाकं बसवल्यामुळे दोरी पूर्ण ओढली की भार एकदम उतरतो आणि नेम धरायला उसंत मिळते. या धनुष्यावर मराठी मुलांचा हात बसला. ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याची 17 वर्षांची अदिती स्वामी जगज्जेती झाली, आणि त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे. ओजसने अंतिम फेरीत 15 बाणांत 150 पैकी 150 गुण घेतले.

शिकायचं मनात असेल तर एकच सांगते. पहिले काही महिने धनुष्य विकत घेऊ नका. ताकद वाढते तसे लिम्ब बदलावे लागतात. गार्ड आणि टॅब तेवढे स्वतःचे घ्या, कारण दुसऱ्याच्या घामाचा टॅब बोटात घालणं नको वाटतं.

विल्लियनांचं सांगायचं राहिलं. ग्रीक भाषेत धनुष्याला 'तोक्सोन' म्हणतात. बाणाला लावायच्या विषाला त्यावरून 'तोक्सिकोन' नाव पडलं, आणि इंग्रजीतला 'टॉक्सिक' तिथून निघाला. विल्लियनांची वाटही अशीच धनुष्याकडून विषाकडे गेली. चेन्नईहून मामल्लपुरमच्या रस्त्याला वडनेम्मेली लागतं. तिथे 1978 मध्ये स्थापन झालेली इरुळांची सहकारी संस्था सापांचं विष काढते, आणि सर्पदंशावरचं प्रतिविष त्यापासून होतं. 2023 मध्ये वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या दोन इरुळ सापवाल्यांना पद्मश्री मिळाली.